मंडळींचा निम्मा हिस्सा

बुऱ्हाणपूरच्या मराठी शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा भाड्याची खोली मिळवायला मला तीन अर्ज करावे लागले. पहिला अर्ज काकांनी परत केला, कारण डावीकडे समास सोडलेला नव्हता. दुसरा परत आला, कारण शेवटी 'ही विनंती' लिहायचं राहिलं होतं. तिसरा मंजूर झाला. मंजुरीचा शेरा लाल शाईत होता आणि खाली लिहिलं होतं, 'अटी मागील पानावर.' मागच्या पानावर एकच अट होती: जिन्यावर सायकल चढवू नये. माझ्याकडे सायकल नव्हती. ती नाही हे मला लेखी कळवावं लागलं.

काका आमचे घरमालक. शनवारा दरवाज्याच्या आत त्यांचं दुमजली मकान होतं. खाली सुताच्या व्यापाऱ्यांची दोन गोदामं, वर आम्ही चार किरायेदार, आणि मागच्या अंगाला काका-काकू. सारी हयात त्यांनी कचेरीत नकलनवीस म्हणून काढली होती. लोकांची खरेदीखतं, गहाणखतं, मृत्युपत्रं यांच्या हुबेहूब नकला करून द्यायच्या, हे काम. "शहराच्या निम्म्या भानगडी या बोटांतून गेल्यात, मास्तर," असं ते उजव्या हाताची शाईने काळी पडलेली बोटं दाखवत म्हणायचे. तीस वर्षांत त्यांच्या नकलेत एका काना-मात्रेची चूक निघाली नव्हती, आणि हे ते कुणी विचारण्याची वाट न बघता सांगत. मूळ कागदातच चूक असली तर? तीही ते तशीच उतरवत. "नक्कल म्हणजे नक्कल. मूळ माणूस चुकला असेल तर तो त्याचा हक्क आहे. आपण कोण दुरुस्त करणारे?"

पेन्शनीत निघाले तरी कचेरी त्यांच्यातून निघाली नाही. काळा कोट घालून सकाळी दहाच्या ठोक्याला ते ओट्यावरच्या टेबलाशी बसत. भाजीची यादी लिहिली तरी तळाला 'एकूण कलमे पाच' असं लिहून रेघ मारत. पहिल्याच पावसाळ्यात माझं छप्पर गळायला लागलं. मी सांगायला गेलो, तर म्हणाले, "अर्ज करा." मी केला. त्यांनी वर येऊन पाहिलं आणि अर्जावर शेरा मारला, 'पाहिले. गळते.' आठ दिवसांनी पुन्हा पाहिलं आणि त्याखाली लिहिलं, 'पुन्हा पाहिले. जास्त गळते.' अर्ज व्यवस्थित नस्तीला लागला. त्या दुपारी काकूंनी गवंडी पाठवून कौलं बदलून घेतली. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी 'निकाली' असा शेरा मारला आणि सही केली.

नवा किरायेदार आला की काका त्याला दारातल्या खांबापाशी घेऊन जात आणि खांबावर हात ठेवून सांगत, "हे मकान मी उभं केलं. नकला करून करून. यातली एकेक वीट म्हणजे माझी एकेक ओळ आहे." मी आलो तेव्हा मलाही हे ऐकवलं. काकू तिथंच तांदूळ निवडत होत्या. त्या सूप उचलून आत गेल्या. मला वाटलं, चुलीवर काही उतू जात असेल.

त्या काळात कुणीच बायकोचं नाव घेत नसे, त्यामुळं काकाही घेत नसत यात नवल नव्हतं. पण काकांचं सगळंच कायद्याच्या शेवटच्या कलमापर्यंत. काकूंचा उल्लेख ते 'मंडळी' असा करायचे, आणि तोही पूर्ण बहुवचनात. 'मंडळी इच्छापूरला गेलीत', 'मंडळींचं डोकं दुखतंय'. पहिला महिनाभर माझी समजूत होती की मागच्या दोन खोल्यांत आठ-दहा माणसं राहतात. एकदा ते म्हणाले, "संध्याकाळी मंडळींना घेऊन तुमच्याकडे फराळाला येतो." माझ्या बायकोने, ती नुकतीच नांदायला आली होती बिचारी, बारा माणसांचे पोहे भिजवले. आले दोघंच. चार दिवस आम्ही पोहे खात होतो.

त्यांची आणखी एक खोड मला कधी उलगडली नव्हती. गावाला नदी एकच, तापी. सगळं बुऱ्हाणपूर तापीवर अंघोळीला जायचं, तापीची शपथ घ्यायचं, तापीला पूर आला की काठावर जमायचं. काका फक्त 'नदी' म्हणायचे. कुणाचं जुनं खरेदीखत वाचून दाखवताना 'पूर्वेस तापी नदी' आलं की ते 'पूर्वेस नदी' वाचत. अक्षर न् अक्षर उतरवणारा हा माणूस एक शब्द गिळतो कसा, याचं मला कुतूहल होतं. एकदा विचारलंही. म्हणाले, "गावात दुसरी नदी आहे का? नाही ना? मग नाव कशाला?" मास्तर म्हणून मला उत्तर पटलं नाही, किरायेदार म्हणून पटवून घेतलं.

मग लढाई सुरू झाली. सुताला भाव चढला, गोदामांची भाडी चढली, आणि काकांचं उत्पन्न पेन्शन धरून इन्कमटॅक्सच्या मर्यादेपलीकडे गेलं. दुसरा कुणी हळहळला असता. काकांना मात्र हुरूप आला. त्यांनी कुठून कुठून कायद्याचे कागद आणले, इंग्रजी भाग माझ्याकडून वाचून घेतले आणि एका सकाळी मला ओट्यावर बसवून खुलासा केला.

"मास्तर, एका डोक्यावर दोन घागरी दिल्या तर मान मोडते. दोन डोक्यांवर एकेक दिली तर दोघंही गाणं म्हणत घरी येतात. बरोबर?"

"बरोबर."

"मकान माझ्या एकट्याच्या नावावर आहे. निम्मं मंडळींच्या नावावर करतो. निम्मं भाडं माझं, निम्मं मंडळींचं. दोघंही मर्यादेच्या खाली. टॅक्स शून्य."

बक्षीसपत्र त्यांनी स्वतः लिहिलं. शेकडो बक्षीसपत्रांच्या नकला केलेला हात, मसुदा तोंडपाठ. 'माझे पत्नीवरील नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला, स्वखुशीने.' अक्षर असं की रजिस्ट्रारच्या कचेरीत लोक उठून बघायला आले म्हणे. काकूंना त्यांनी ओट्यावरूनच आत सांगितलं, "ऐकलं का, निम्मं मकान बक्षीस दिलं तुम्हाला."

आतून भांडं घासल्याचा आवाज तेवढा थांबला. मग काकू म्हणाल्या, "बक्षीस? बरं बरं." आणि भांडं पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर काका निम्म्या-निम्म्याच्या नादाला लागले. माझ्या भाड्याच्या दर महिन्याला दोन पावत्या येऊ लागल्या, एक त्यांची, एक काकूंची. काकूंचीही तेच लिहीत, सही तेवढी काकूंची, तीही आडवी-तिडवी, नाव कळू न देणारी. जिन्याचा कठडा मोडला तेव्हा अर्ज दोन प्रतींत मागवला. "वरची बाजू मंडळींकडे, खालची माझ्याकडे," म्हणाले. काकूंनी वरचीच काय, खालचीही बाजू सुताराकडून करून घेतली.

वर्षअखेरीस त्यांनी टॅक्सच्या दप्तराला मराठीत निवेदन पाठवलं. त्यात लिहिलं, 'सदर मकानाचे निम्मे भाडे आमचे मंडळींचे आहे.' बायकोचं नाव परक्या साहेबाला कशाला कळवायचं, हा शिष्टाचार. दप्तरात भाषांतर करणारा नव्यानेच आला होता आणि मराठी त्याने बहुधा पुस्तकातून शिकलेलं असावं. महिन्याभराने इंग्रजीत नोटीस आली. काकांनी ती माझ्यापुढे ठेवली. मी एकदा वाचली, मग पुन्हा वाचली.

"काय म्हणतोय?"

"काका, नोटीस 'मंडळी' या नावाने आहे. मंडळी ही अनेक जणांची कंपनी आहे असं धरलंय. कंपनीच्या व्यवस्थापकाने सभासदांची यादी आणि भागीदारीचं पत्र घेऊन हजर राहावं."

काकांनी नोटीस उलटून मागची बाजूही पाहिली. "मंडळींचा व्यवस्थापक?" ते शेवटी म्हणाले. "या घरात तसा माणूस अजून जन्मलेला नाही, मास्तर."

काकू दारात उभ्या होत्या. "यादी घेऊन या म्हटलं ना त्यांनी? मंग मले घेऊन चला," त्या म्हणाल्या. "कंपनी कशी असते, पाहून घेऊ दे साहेबाला."

साहेबाचा मुक्काम विश्रामगृहात होता. टांग्यातून आम्ही तिघं गेलो. काका काळ्या कोटात, काकू हिरव्या लुगड्यात, मी दुभाषा. काकू बाहेर लिंबाखाली टांग्यातच बसल्या, आम्ही दोघं आत गेलो. साहेब उत्तरेकडचा, वयाने पोक्त, डोळे मिश्कील.

"कंपनी के मैनेजर आप हैं?"

"नाही, साहेब. मी फक्त निम्म्याचा मालक."

"मेंबर कितने हैं?"

"एकच."

"एक मेंबर की कंपनी?"

मी पुढं झालो आणि सांगितलं, "साहब, मंडली याने इनकी धर्मपत्नी. मराठी में ऐसा बोलते हैं." साहेबाने चष्मा काढला, डोळे पुसले, आणि खांदे हलवत इतका हसला की पंखा ओढणारा आत डोकावला. "तो कंपनी बाहर टांगे में बैठी है? बुलाइए, बुलाइए."

काकू आल्या. साहेबाने खुर्ची दिली. मग कागदावर लेखणी टेकवून काकांना विचारलं, "इनका नाम?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला नाव माहीत नव्हतं. काकांनी लेखणीसाठी हात पुढे केला, लिहून देतो अशा खुणेने. साहेब म्हणाला, "ज़बानी बताइए." काकांनी हात मागे घेतला आणि कोटाची गुंडी चाचपली.

"माझं नाव मी सांगते ना," काकू म्हणाल्या. "तापीबाई."

मी काकांकडे बघितलं. ते खाली बघत होते. इतकी वर्षं या माणसाने सबंध नदीचं नाव टाळलं होतं! मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

साहेबाने मग बक्षीसपत्र हातात घेतलं आणि मान हलवली. कायदा आता बदललाय, त्याने समजावलं. नवऱ्याने बायकोला फुकट काही दिलं, तर त्याचं उत्पन्न नवऱ्याचंच धरलं जातं. दोन डोकी दाखवली तरी घागरी एकाच डोक्यावर. सूट दोनच. एक, नवरा-बायको वेगळे राहण्याच्या करारापोटी दिलं असेल तर. दोन, बायकोने त्याचा पुरता मोबदला दिला असेल तर.

काकांच्या चेहऱ्यावर जुना हुरूप क्षणभर चमकला. "साहेब, सोमवार ते शुक्रवार वेगळं राहिलं तर चालतं का?"

मी भाषांतर केलं नाही. काकू म्हणाल्या, "मास्तर, सांगा साहेबाला. शनिवार-रविवार पण मला जमेल." तेही मी केलं नाही.

"अब रहा मोबदला," साहेब म्हणाला, आणि दस्तावर बोट ठेवलं. "लेकिन आपने अपने हाथ से लिखा है, विनामोबदला."

काकूंनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. काका एकदा उठल्यासारखे झाले, परत बसले. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक घडीचा कागद काढून टेबलावर ठेवला. जुनी, पिवळी पडलेली सोनाराची चिठ्ठी.

"साहेब, मी चुकीचं लिहिलं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. बहुधा त्यांनीही.

"मोबदला मिळालेला आहे. बावीस वर्षांपूर्वी. यांच्या माहेरचं सोनं, अठरा तोळे. पाटल्या, गोठ, सरी. ते मोडून पाया घातला. माझ्या पगारात दारंसुद्धा झाली नसती."

साहेबाने चिठ्ठी उलटसुलट पाहिली. वर काकूंचं नाव होतं, सोनाराची सही होती. त्याने दोन-चार प्रश्न विचारले, लिहून घेतलं आणि म्हणाला की निम्मा हिस्सा आता तो काकूंचाच धरेल. बक्षीसपत्र बदलायची गरज नाही, त्याच्या दप्तरापुरतं काम झालं. निघताना त्याने काकूंना हात जोडले आणि म्हणाला, "कंपनी पक्की है."

टांगा निघाला. टॅक्स वाचला होता. मला वाटलं, काका आता वाटेत थांबून दराब्याची मिठाई घेतील. बाजार मागं पडला तरी त्यांनी टांगा थांबवला नाही. मग काकू बोलल्या, काकांकडे न बघता, घोड्याच्या कानांकडे बघत.

"मला वाटे की तुम्ही भुलून गेले. पुरुषमाणूस, कामाच्या घाईत भुलला असेल. भुललेल्या माणसावर काय राग धरायचा? बावीस साल नाही धरला. पण चिठ्ठी खिशात होती ना हो. म्हणजे याद होतं तुम्हाले."

काकांनी हात कोटाच्या आतल्या खिशावर ठेवला.

"खांबाले हात लावून लावून सगळ्या दुनियेला सांगू राहिले, मी बांधलं, मी बांधलं. अन् बोलले तर कोठे? टॅक्सवाल्यासमोर. तेही टॅक्स वाचावा म्हणून."

मी टांग्यातून उतरून चालत जावं का, असा विचार करत होतो. पण टांगा पळत होता.

पुढचे आठ-दहा दिवस ओट्यावरच्या टेबलावर एकही कागद नव्हता. काका बसत, कोट घालून बसत, पण दौतीचं झाकण उघडत नसत. समोरच्या खोलीत एक नवा किरायेदार आला. त्याचा अर्ज समास न सोडता मंजूर झाला आणि त्याला खांबापाशी नेलं गेलं नाही. काकू नेहमीसारख्या स्वयंपाक करत, ताट वाढत, आणि न बोलता बाजूला होत. माझ्या बायकोला त्या सगळं सांगायच्या, पण यातलं एक अक्षर त्यांनी सांगितलं नाही. त्यावरूनच ती म्हणाली, खोल लागलंय.

एका रविवारी सकाळी काका माझा जिना चढून आले. शेरा मारायला आणि त्या एका फराळाला सोडलं तर ते कधी वर आले नव्हते.

"मास्तर, एखाद्याची वस्तू त्यालाच बक्षीस दिली, तर काय म्हणतात?"

"काय म्हणतात?"

"कचेरीत तरी त्याला चोरीचा माल परत करणं म्हणतात." ते बाजेवर बसले. "ते बक्षीसपत्र मला राहू द्यायचं नाही. नवा दस्त करायचा."

मी म्हटलं, साहेब स्वतः म्हणाला गरज नाही. नव्या दस्ताला स्टॅम्प लागेल. टॅक्सचे वाचलेले पैसे त्यात जातील, आणि वर पदरचेही.

"तो हिशेब करूनच आलो," काका म्हणाले.

दस्त लिहायला त्यांना चार दिवस लागले. असा मसुदा त्यांनी पूर्वी कधी उतरवलेला नव्हता. म्हणजे नक्कल करायला मूळच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा हा माणूस स्वतःची वाक्यं लिहीत होता आणि खोडत होता, पुन्हा लिहीत होता. मला दाखवायला आणला तेव्हा बोटांबरोबर कोटाच्या बाहीलाही शाई लागलेली होती. मी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. त्यांनी मुकाट्याने दुरुस्त केल्या. मला उगाच वाईट वाटलं. एरवी त्यांची चूक काढायला मिळावी म्हणून मी वर्षानुवर्षं टपून होतो.

रजिस्ट्रारच्या कचेरीत साक्षीदार म्हणून मी गेलो. काकू बाकावर बसल्या होत्या. काकांनी त्यांना फक्त 'सही लागेल' एवढंच सांगितलं होतं, आणि काकूंनी फक्त 'बरं' म्हटलं होतं. दस्त मोठ्याने वाचून दाखवायची तिथं रीत होती. कारकून काकांना ओळखणारा. तो हसून म्हणाला, "काकासाहब, आपका काग़ज़ आप ही पढ़ो. आपके जैसा पढ़नेवाला यहाँ कौन है?"

काका उभे राहिले. चष्मा चढवला. मकानाच्या चतुःसीमा वाचल्या, उत्तर, दक्षिण, खणखणीत आवाजात. मग, "लिहून देणार कारणे दस्त लिहून देतो की, सदर मकान मी एकट्याने बांधले असे आजवर सांगत आलो, ते खरे नव्हे. सदर मकानाचा निम्मा हिस्सा पायाच्या पहिल्या दगडापासून जिचा आहे, ती माझी पत्नी, सौभाग्यवती..."

इथं ते थांबले. मला वाटलं, आता गिळतील. नदीसारखं.

"...सौभाग्यवती तापीबाई," काका म्हणाले.

"ओ," बाकावरून काकू म्हणाल्या.

कारकुनाने मान वर केली. "क्या हुआ, माँजी? कुछ चाहिए?"

"काही नाही, भाऊ," काकू म्हणाल्या. "हाक ऐकू आली."

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, आणि तीच ओळ पहिल्यापासून वाचली.